आत्मभानाचा सराव: घरच्या घरी ध्यानाला कसे बसावे

ध्यानाला नव्याने बसणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते, ती म्हणजे मन शांत होत नाही. विचार थांबले तरच ध्यान लागले, अशी समजूत मनाशी घेऊन आपण बसतो आणि मग येणारा प्रत्येक विचार हा आपलाच अपराध वाटू लागतो. आत्मभान जागे व्हावे हा हेतू असेल, तर कसोटी निराळी लावावी लागते. राग, मत्सर, भीती, दुखावलेपण ही माणसाच्या मनात उठणारच; प्रश्न इतकाच, की ती उठली आहेत हे आपल्याला किती वेळाने कळते. सराव नसलेल्या माणसाला ते पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कळते, किंवा घरातल्या कोणीतरी तोंडावर सांगितल्यावर कळते. सराव मुरत गेला की ते तासाभरात कळू लागते, पुढे वाक्य अर्धे बोलून झालेले असताना कळते, आणि कधी कधी शब्द ओठांवर येण्याआधीच कळते. हे अंतर कमी होत जाणे हीच माझ्या मते या सरावातील खरी प्रगती आहे. बंद डोळ्यांपुढे दिसलेला प्रकाश, अंगावर आलेले रोमांच, कानात ऐकू आलेला नाद यांना मी दुय्यम मानते. ते येतात आणि जातात; त्यांच्यामुळे सुनेशी, मुलाशी किंवा हाताखालच्या माणसाशी बोलण्याची आपली रीत बदलतेच असे नाही.

पुढील सूचना बडोद्यासारख्या शहरात, नोकरी-व्यवसाय आणि घर सांभाळून, गुरूच्या आश्रमात न जाता सराव करू इच्छिणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहेत.

वेळ, जागा आणि बैठक

सकाळची वेळ उत्तम, आणि तीही फोन हातात घेण्याआधीची. हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा समजते. एकदा रात्रभरात आलेले निरोप वाचले, की मनात दुसऱ्यांचे विषय शिरतात आणि पुढची पंधरा मिनिटे आपण आपल्याकडे न पाहता त्यांना उत्तरे रचत बसतो. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि भिंती रात्रीही तापलेल्या असतात, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत तर सूर्योदयापूर्वीच बसावे. सुरुवातीला 15 मिनिटे पुरेशी आहेत. घड्याळाकडे पाहावे लागू नये म्हणून गजर लावावा, म्हणजे "किती वेळ झाला असेल" हा विचार तरी कमी होतो.

रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या जुन्या भागांत राहणाऱ्यांना रस्त्याचा आवाज चुकत नाही: रिक्षांचे हॉर्न, दूधवाल्याची हाक, देवळातली घंटा, शेजारच्या घरातला टीव्ही. आवाज बंद होण्याची वाट पाहत बसलो तर ध्यान कधीच सुरू होणार नाही. आवाज ऐकू येत आहे, त्याने कपाळावर आठी पडली आहे, आणि आठी पडल्याचे आपल्या लक्षात आले आहे, या तिन्ही गोष्टी त्या सरावाचाच भाग आहेत.

बसण्यासाठी सतरंजी किंवा चादर घडी करून अशी घ्यावी की कंबर गुडघ्यांपेक्षा चार बोटे उंच राहील. तेवढ्याने पाठ आपोआप सरळ होते आणि पाय लवकर बधिर होत नाहीत. गुडघे दुखत असतील तर साध्या लाकडी खुर्चीत पाठ न टेकता, दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकवून बसावे. त्यात काहीही उणे नाही. जबडा सैल सोडावा. आपण किती वेळ दात आवळून बसलेले असतो, हे पुष्कळांना या पहिल्या बैठकीतच कळते.

श्वास मोजणे

पहिले दोन-तीन आठवडे फक्त श्वास मोजावा. नाकपुडीच्या कडेला जिथे हवेचा स्पर्श जाणवतो तिथे लक्ष ठेवावे, श्वास बाहेर गेला की मनात "एक" म्हणावे, पुढच्या उच्छ्वासाला "दोन", असे दहापर्यंत जावे आणि पुन्हा एकवर यावे. श्वास मुद्दाम दीर्घ करू नये, रोखू नये. तो जसा आहे तसा चालू द्यावा. चौथ्या-पाचव्या अंकाला मन भाजीच्या यादीत किंवा कालच्या बोलाचालीत जाऊन पोहोचलेले असेल, किंवा अंक यंत्रासारखे पुढे जाऊन आपण सतराव्यावर पोहोचलेलो असू. ते लक्षात आले की स्वतःला न रागावता एकपासून सुरुवात करावी.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे जरूर आहे. मन भरकटल्यावर "आपण हरवलो होतो" हे ज्या क्षणी कळते, त्या क्षणी आत्मभान जागे झालेले असते. म्हणून पंधरा मिनिटांत वीस वेळा मन गेले आणि वीस वेळा ते ध्यानात आले, तर ती बैठक वाया गेली असे म्हणता येत नाही; उलट दहाच्या दहा अंक डुलक्या घेत पार पडले, तर त्यातून हाती फारसे काही लागत नाही.

विचार येताना पाहणे

श्वासावर थोडे स्थिर होता येऊ लागले की विचारांकडे वळावे. या पायरीविषयी बोलताना बडोद्याच्या माणसाला एका घटनेची आठवण होणे साहजिक आहे. श्रीअरविंद 1893 मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत आले आणि 1906 पर्यंत येथे होते. दांडिया बाजारातील त्यांचे निवासस्थान आज अरविंद निवास म्हणून जतन केलेले आहे. डिसेंबर 1907 मधील सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनानंतर ते पुन्हा बडोद्यास आले, तेव्हा त्यांची विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्यांशी भेट झाली. सरदार मजुमदारांच्या वाड्यातील वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलेली रीत थोडक्यात अशी होती: विचार करू नका, मनाकडे नुसते पाहा, विचार बाहेरून आत येताना दिसतील, ते आत शिरण्यापूर्वीच त्यांना परतवा. अरविंदांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की विचार बाहेरून येतात ही कल्पनाच त्यांना नवी होती, तरी त्यांनी शंका न काढता सांगितले तसे केले आणि तीन दिवसांत मन निःशब्द झाले.

आपल्यासारख्यांनी तीन दिवसांचा आकडा मनावर घेऊ नये. त्या रीतीचे दोन भाग आहेत, आणि नवशिक्याने फक्त पहिला घ्यावा असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. विचार परतवायला गेलो की त्याच्याशी झोंबी सुरू होते, आणि झोंबीत विचार हमखास जिंकतो. मात्र "विचार येत आहे, आणि मी तो येताना पाहत आहे" एवढे पाहणे कोणालाही जमते. त्यासाठी विचाराला एका शब्दात नाव द्यावे: आठवण, बेत, हिशेब, तक्रार, भांडण, काळजी. नाव देऊन झाले की पुन्हा श्वासाकडे यावे. त्या विचाराचा अर्थ लावत बसू नये. भावनेला शब्दात नाव दिले की मेंदूतील अमिग्डाला या भीती-रागाशी संबंधित भागाची सक्रियता कमी होते, असे मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या प्रयोगांत आढळले आहे. काही आठवड्यांनी आपल्या मनात कोणती नावे वारंवार येतात हे ध्यानात येते. एखाद्याच्या मनात दिवसभर हिशेबच चालू असतो, तर एखादीच्या मनात न झालेल्या भांडणांची तयारी चालू असते. स्वतःविषयीची ही माहिती दुसरा कोणीही आपल्याला देऊ शकत नाही.

मन शांत झाले तर कामे कशी होणार, असे काही जण विचारतात. त्यांनी याच घटनेचा पुढचा भाग पाहावा. लगेच नंतर मुंबईत अरविंदांना जाहीर व्याख्यान द्यायचे होते आणि मनात तर एकही विचार नव्हता. लेल्यांनी त्यांना सांगितले, की सभेला नमस्कार करून उभे राहावे, बोलणे आपोआप येईल. आणि तसेच घडले. मुंबईहून निघताना त्यांनी पुढील सूचना मागितल्या, तेव्हा आतल्या मार्गदर्शकावर तुम्ही पूर्णपणे विसंबू शकाल का, असे लेल्यांनी विचारले आणि होकार मिळाल्यावर आता माझ्या सूचनांची गरज नाही असे सांगितले. ध्यान शिकवणारा माणूस निवडताना हे उदाहरण समोर ठेवावे. जो शिष्याला दर महिन्याला अधिकाधिक आपल्यावर अवलंबून करतो, ज्याच्या शिबिरांची फी प्रत्येक "पातळी"गणिक वाढत जाते, घरच्यांपासून दूर राहण्यास जो सुचवतो, त्याच्याकडे न जाणेच बरे.

मनातली बडबड कोणत्या भाषेत चालते

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला आत्मनिरीक्षणाचे एक साधन जन्मतःच मिळालेले आहे, आणि त्याचा उपयोग फारसा कोणी करत नाही. घरात आपण मराठी बोलतो, खंडेराव मार्केटात गुजराती, कचेरीत हिंदी किंवा इंग्रजी. या सगळ्या भाषा मनातही नांदतात, पण त्यांची कामे वाटलेली असतात. ध्यानाला बसल्यावर विचार कोणत्या भाषेत येतो, एवढेच काही दिवस पाहावे. पैशाचा हिशेब गुजरातीत येत असेल, वरिष्ठांना द्यायचे उत्तर इंग्रजीत जुळत असेल, आणि स्वतःला दिलेली बोलणी मात्र बहुधा मराठीत येतील.

ही बोलणी नीट ऐकावीत. "तुझ्याच्याने काही होणार नाही", "सांगितले होते ना", "लोक काय म्हणतील" अशी वाक्ये आली, तर त्यांचा सूर, त्यांची लकब, शब्दांचा क्रम ओळखीचा वाटतो का ते पाहावे. पुष्कळदा ते वाक्य जसेच्या तसे वडिलांचे, आत्याचे किंवा चौथीच्या वर्गातल्या बाईंचे असते. तीस-चाळीस वर्षे आपण ज्याला स्वतःचे मत समजत आलो, ते दुसऱ्या कोणाच्या थकव्यातून, भीतीतून किंवा काळजीतून उच्चारलेले वाक्य होते हे कळणे, हा या सरावातील फार मोलाचा क्षण आहे. त्या माणसावर राग धरण्याचे कारण नाही. त्या बाईंनाही तसेच कोणीतरी बोलले असेल. वाक्य कोणाचे आहे हे ओळखावे, मनात "हा आत्याचा आवाज" एवढे म्हणावे आणि श्वासाकडे परतावे. ते वाक्य येणे लगेच बंद होत नाही, पण त्याचा हुकूम मानण्याची सक्ती हळूहळू सैल होते.

हे करताना रडू आले तर येऊ द्यावे.

दिवसाच्या मध्ये थांबणे

सकाळच्या बैठकीचा उपयोग दुपारी झाला पाहिजे, त्यासाठी दिवसात दोन-तीन ठिकाणे ठरवून ठेवावीत, जिथे आपण एक पूर्ण श्वास थांबणार आहोत. काळा घोडा चौकातला सिग्नल, घराचे दार उघडण्यापूर्वीचा क्षण, फोनची घंटी वाजल्यावर उचलण्याआधीचा क्षण, अशी रोज हमखास येणारी ठिकाणे निवडावीत. थांबून तीन गोष्टी पाहाव्यात: शरीरात ताण कुठे आहे, मनात कोणती भावना आहे, आणि आता आपल्याला काय करावेसे वाटत आहे.

एक प्रसंग जवळून पाहू. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुण्याच्या चुलतभावाने लिहिले आहे, "तुम्ही बडोदेकर आता गुजरातीच झालात, मराठी विसरलात." आपण ते वाचतो. कान गरम होतात, छातीत काहीतरी आवळते, आणि अंगठा अक्षरे टाइप करू लागलेला असतो: सयाजीराव महाराजांपासूनचा इतिहास, आपल्या मुलांना मिळालेली बक्षिसे, आणि त्याच्या मुलाच्या मराठीवर एक टोला. येथे थांबावे. फोन उलटा करून टेबलावर ठेवावा. गरम कान आणि आवळलेली छाती यांकडे चार-पाच श्वास नुसते पाहावे, त्यांना घालवण्याचा प्रयत्न करू नये. मग विचारावे, की दुखावले नेमके काय? इतिहासाविषयीचे प्रेम दुखावले असेल, किंवा आपली मुले आपापसात गुजरातीतच बोलतात ही मनातली जुनी खंत त्या वाक्याने उघडी पडली असेल. दुसरे उत्तर निघाले तर त्याचा चुलतभावाशी संबंध नाही, आणि ग्रुपवर लिहिलेल्या कोणत्याही उत्तराने त्या खंतीचे निवारण होणार नाही. रात्री मुलांना जवळ घेऊन मराठी गोष्ट वाचून दाखवण्याने कदाचित होईल. इतके पाहून झाल्यावर उत्तर लिहावेसे वाटले तर अवश्य लिहावे. थांबण्याचा अर्थ गप्प बसणे असा नाही, आणि अन्याय मुकाट्याने सोसणे तर मुळीच नाही.

वही

रात्री झोपण्यापूर्वी दिवसातला एकच प्रसंग चार ओळींत लिहावा: काय घडले, शरीरात काय जाणवले, मी काय केले, मला खरे काय हवे होते. "मी असा का आहे" हा प्रश्न वहीत लिहू नये. त्याला मन हवी तितकी कारणे रचून देते आणि प्रत्येक कारण आपल्याला निर्दोष तरी ठरवते किंवा नालायक तरी. "काय" विचारले की उत्तर प्रसंगाजवळ राहते. वही कोणी वाचणार नाही याची व्यवस्था करावी, अन्यथा आपण वाचकासाठी लिहू लागतो.

महिनाभराची पाने एकत्र वाचली की एखादी सवय पुन्हा पुन्हा समोर येते: दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडणे, नाही म्हणता न येणे, भावजयीच्या नव्या फ्लॅटची बातमी ऐकून दिवसभर कडवट होणे. यांतली एकच निवडावी. सगळा स्वभाव एकदम बदलायला निघालेला माणूस दोन आठवड्यांत थकतो. कडवटपणा निवडला असेल, तर पतंजलींनी सांगितलेल्या मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार वृत्तींचा आधार घेता येतो. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, सत्कर्म करणाऱ्याविषयी आनंद आणि दुष्कर्म करणाऱ्याविषयी अलिप्तता ठेवल्याने चित्त प्रसन्न होते, असे त्यांचे म्हणणे आहे. सकाळच्या बैठकीच्या शेवटी त्या भावजयीचे नाव घेऊन "ती त्या घरात सुखात राहो" असे मनात म्हणावे. पहिले काही दिवस हे खोटे वाटेल आणि घशाशी अडकेल. अडकते आहे हे पाहणे हाही सरावच आहे.

अडचणी

झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवून तीन-चार फूट पुढे जमिनीकडे पाहावे, किंवा उभ्याने पाच मिनिटे श्वास मोजावा. नवरात्रात गरब्यांमुळे निजायला मध्यरात्र उलटते, त्या दिवसांत सकाळचा हट्ट सोडून संध्याकाळी बसावे. खंड पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नये, नेहमीइतकेच बसावे. "मी ध्यान करते" याचा सूक्ष्म अभिमान आणि ध्यान न करणाऱ्यांविषयीची कीव मनात आली, तर तिलाही इतर विचारांप्रमाणे नाव द्यावे.

एक सावधगिरी मात्र गांभीर्याने घ्यावी. खोल नैराश्य, नसलेले आवाज ऐकू येणे, जुन्या आघाताच्या आठवणींनी वारंवार घेरणे किंवा जीव नकोसा वाटणे असा त्रास असलेल्यांनी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याखेरीज दीर्घ मौन शिबिरांना जाऊ नये, कारण तासन् तास एकट्याने मनासमोर बसल्याने असा त्रास वाढू शकतो. चालू असलेली औषधे ध्यानाच्या भरवशावर बंद करू नयेत. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

घरच्यांना विचारणे

आपण स्वतःला कितीही पाहिले तरी आपली पाठ आपल्याला दिसत नाही. म्हणून महिन्यातून एकदा घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला, शक्यतो जोडीदाराला किंवा मोठ्या मुलाला, निवांत वेळी विचारावे: "मी चिडले आहे हे तुला माझ्या बोलण्याआधी कशावरून कळते?" उत्तरे चकित करणारी असतात. भांडी जोरात आपटली जातात, प्रश्नांना एका शब्दात उत्तर येते, हसू नको तिथे येते, आवाज एकदम मऊ होतो. उत्तर मिळत असताना खुलासा करू नये, "पण त्या दिवशी तर तूच" असे म्हणू नये. एकदा खुलासा केला की पुढच्या महिन्यात खरे उत्तर मिळणार नाही. मिळालेले उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावे आणि पुढचा महिना थांबण्याच्या ठिकाणांत त्याची भर घालावी: भांडी आपटल्याचा आवाज कानी आला, की हातातले पातेले ओट्यावर ठेवून एक पूर्ण श्वास घ्यावा.